सोडली तर खूप, मोजली कोणी? : गंगेतल्या कासवांची गोष्ट

(नव्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे काय ना’ काढून टाकलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं आहे. ट्रेनमध्ये नेटवर्क गेलं की वाचायला बरं.)

आजची गोष्ट इतिहासातली आहे, पण राजा-महाराजांची नाही. फार जुनीही नाही. तुमच्या आई-बाबांना यातलं थोडंफार आठवत असेल, विचारून बघा.

दोन वर्षांपूर्वी आमचे आजोबा गेले. त्यांच्या अस्थी घेऊन बाबा, काका आणि मी काशीला गेलो होतो. पहाटे नाव केली. नावाडी एकेक घाट दाखवत होता. हा सिंधिया घाट, हा भोसले घाट, हा अहिल्याबाईंचा. काकांचा चेहरा खुलला, जणू घाट आमच्याच घराण्याने बांधलेत. विधी झाला. परत येताना बाबांना एकदम काहीतरी आठवलं. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत पेपरात आलं होतं, की गंगेत अर्धवट जळलेली प्रेतं खाणारी कासवं सोडलीत म्हणून. त्यांनी नावाड्याला विचारलं, ती कासवं अजून आहेत का?

वल्ही न थांबवता तो म्हणाला, “छोड़े तो बहुत थे बाबूजी. गिने किसने?”

सोडली तर खूप होती, मोजली कोणी?

मी पुण्यात बॅकएंड इंजिनिअर आहे. हे वाक्य ऐकून मला कासवं नाही, ऑफिस आठवलं. त्याच्या काही महिने आधी आम्ही एक नवीन सर्व्हिस रिलीज केली होती. ग्राहकांना मेसेज पाठवायचं काम तिचं. रिलीज झालं, केक कापला, सगळे घरी गेले. डॅशबोर्ड हिरवागार. अकरा दिवसांनी कळलं की एका राज्यातल्या ग्राहकांना एकही मेसेज गेलेला नाही. एरर दिसत नव्हता, कारण एरर लिहून ठेवणारी ओळच बंद होती. आणि ती ओळ टेस्टिंगच्या वेळी मीच बंद केली होती. म्हणजे हिरव्या डॅशबोर्डचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा नव्हताच. ‘कोणी बघत नाहीये’ असा होता.

घरी आल्यावर मी त्या कासवांचा इतिहास शोधून वाचायला लागलो.

वाराणसी, १९८६

१४ जून १९८६. पंतप्रधान राजीव गांधी यांनी वाराणसीच्या घाटावर गंगा कृती योजनेचं उद्घाटन केलं. नदीत जाणारं सांडपाणी अडवायचं, शुद्ध करायचं, हा तिचा मुख्य भाग. पण वाराणसीचा एक वेगळा प्रश्न होता. काशीत मरण आलं की मोक्ष, ही श्रद्धा. लाकूड महाग. गरीब माणसाची चिता अर्धवट जळायची आणि उरलेलं नदीत जायचं. काही प्रेतं तर प्रथेनुसार न जाळताच गंगेत सोडतात.

यावर दोन उपाय निघाले. एक विद्युतदाहिनी आणि दुसरा कासवं.

कल्पना ऐकायला विचित्र वाटते, पण शास्त्राला धरून होती. गंगेत मऊ पाठीचं मोठं कासव राहतं. आपण देवळात गाभाऱ्यासमोर बघतो त्या दगडी कासवासारखी याची पाठ टणक नसते, वरून चामड्यासारखी कातडी असते. पूर्ण वाढलेलं कासव तीन फुटांच्या आसपास जातं. मासे खातं, वनस्पती खातं आणि मेलेली जनावरंसुद्धा खातं. नदीचा सफाई कामगारच म्हणा. शिकार आणि प्रदूषणामुळे त्यांची संख्या घटली होती, तर ती परत आणूया, असा विचार झाला.

चंबळसारख्या, त्या मानाने स्वच्छ असलेल्या नदीकाठची अंडी गोळा केली. लखनौजवळ कुकरैल आणि वाराणसीजवळ सारनाथ इथे ती उबवली. पिल्लं थोडी मोठी झाली की गंगेत सोडायची. १९८९ मध्ये रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सुमारे ७ किलोमीटरचा पट्टा कासव अभयारण्य म्हणून जाहीर झाला. काही वर्षांत वीस हजारांपेक्षा जास्त कासवं सोडली गेली. जगभरच्या पेपरांत बातम्या आल्या. बाबांनी वाचलेली बातमी त्यातलीच असणार.

आणि मग? मग पद्धतशीर मागोवा असा घेतलाच गेला नाही. किती जगली, किती जाळ्यात सापडली, किती वाहून गेली, किती मोठी होऊन अंडी घालायला वाळूवर आली, याची वर्षावर्षाची नोंद नाही. सोडल्याचे आकडे आहेत. उरल्याचे नाहीत.

पण कासव मोजायचं कसं?

तुम्ही म्हणाल, गढूळ पाण्यातली कासवं मोजणार तरी कशी? रास्त प्रश्न आहे. याचं उत्तर शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे.

डेन्मार्कमध्ये पीटरसन नावाचा मत्स्यशास्त्रज्ञ होता. १८९० च्या दशकात तो माशांना खुणेचे बिल्ले लावून परत समुद्रात सोडायचा. त्या कामातून पुढे एक साधं गणित रुळलं. समजा, तलावातून तुम्ही ५० कासवं पकडली, खूण केली आणि सोडली. काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकलं. या वेळी ४० सापडली आणि त्यातल्या १० वर खूण होती. म्हणजे पकडलेल्यांत दर चारातलं एक खुणेचं. मग पूर्ण तलावातही साधारण तेच प्रमाण असणार. खुणेची ५०, तर एकूण सुमारे २००. झालं! तलाव उपसायची गरज नाही. १९३० मध्ये अमेरिकेत लिंकन नावाच्या माणसाने हेच गणित बदकांसाठी वापरलं. आजही पहिल्या पानावर हेच शिकवतात.

आता कासवावर खूण कशी करायची? इथे माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. बहुतेक कासवांच्या कवचाच्या कडेने, फरशीच्या बॉर्डरसारखे, छोटे तुकडे असतात, प्रत्येक बाजूला साधारण बारा. १९३९ मध्ये फ्रेड केगल या अमेरिकन अभ्यासकाने एक पद्धत मांडली. या तुकड्यांना नंबर द्यायचे आणि ठरावीक तुकड्यांवर कानशीने बारीक खाच करायची. कुठे खाच आहे, कुठे नाही, यावरून प्रत्येक कासवाचा वेगळा नंबर. थांबा, हे तर शून्य आणि एक झालं! चोवीस जागा म्हणजे चोवीस बिट. कागदावर दीड कोटीपेक्षा जास्त वेगळे नंबर होतात. प्रत्यक्षात वरचं आणि खालचं कवच जिथे जोडलेलं असतं तिथले तुकडे वापरत नाहीत, त्यामुळे नंबर बरेच कमी मिळतात. पण एका नदीला पुरून उरतात. १९३९ साली, हां! तेव्हा कॉम्प्युटर कुठे होते?

ही खूण किती टिकते, ते ऐका. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाचं ई. एस. जॉर्ज रिझर्व्ह नावाचं राखीव जंगल आहे. तिथे १९५० च्या दशकापासून गोड्या पाण्यातल्या कासवांची नोंद ठेवतात. १९५४ मध्ये तिथे एका मादीच्या कवचावर खाचा केल्या, उजवीकडून तिसरा तुकडा आणि डावीकडून अकरावा. २०१६ मध्ये ती पुन्हा सापडली. बासष्ट वर्षांनी! तिचं वय तेव्हा किमान ८३ होतं. कोणतीही बॅटरी नाही, सर्व्हर नाही, पासवर्ड नाही. खाच वाचली, जुनी वही उघडली, ओळख पटली. बासष्ट वर्षांत वही सांभाळणारी माणसं बदलली, पण वही कोणी हरवली नाही. मला तर यात सगळ्यात अवघड भाग हाच वाटतो.

याच जंगलातल्या नोंदींवरून जस्टिन काँगडन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. ही कासवं वयात यायलाच खूप वर्षं घेतात. पिल्लं तर ढिगाने मरतात, ते ठरलेलंच. त्यामुळे संख्या टिकते ती मोठ्या कासवांच्या जिवावर. मोठ्या माद्या दरवर्षी थोड्या जरी जास्त मेल्या, तरी तुम्ही कितीही पिल्लं सोडा, भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतल्यासारखं होतं. आता वाराणसीकडे या नजरेने बघा. वीस हजार हा बादलीत ओतलेल्या पाण्याचा आकडा आहे. भोक किती मोठं होतं, ते कोणी तपासलं नाही.

‘गेलं’ म्हणजे नक्की काय?

वाराणसीची बाजूही सांगायला हवी. काम खरंच अवघड होतं. मऊ पाठीच्या कासवाला कडेचे ते तुकडेच नसतात, त्यामुळे केगलची पद्धत इथे लागू पडत नाही. त्याला कातडीखाली चिप बसवावी लागते किंवा टॅग लावावा लागतो. आणि नदी म्हणजे तलाव नव्हे. श्रावणात गंगेला पूर येतो, तेव्हा ७ किलोमीटरची हद्द कासवाला कोण समजावणार?

इथे आपली मराठी भाषा फार नेमकी मदत करते. आपण म्हणतो, ‘ते गेलं.’ याचा अर्थ निघून गेलं असाही होतो आणि मेलं असाही. मागोवा घेणाऱ्यांचा सगळा झगडा याच एका शब्दाशी असतो. खुणेचं कासव परत सापडलं नाही, तर ते गेलं म्हणजे खालच्या गावाकडे पोहत गेलं, की कोणाच्या जाळ्यात गेलं? दोन्हींचे आकडे सारखेच दिसतात, उपाय मात्र पूर्ण वेगळे. पोहत गेलं असेल तर अभयारण्य लांबवा. जाळ्यात गेलं असेल तर मच्छीमारांशी बोला, शिकार थांबवा. ‘गेलं’चा अर्थ कळल्याशिवाय पैसा कुठे घालायचा तेच ठरत नाही.

वाराणसीत तो अर्थ कधी लागलाच नाही. अभयारण्य कागदावर तीस वर्षं राहिलं. त्यामुळे तिथे वाळू उपशावर बंदी होती, पलीकडच्या काठावर वाळू साचते म्हणून तक्रारी होत्या, जलमार्गाच्या योजना आल्या. शेवटी २०२० मध्ये अभयारण्याची अधिसूचना रद्द झाली. कासवांसाठी नवीन पट्टा वरच्या बाजूला, प्रयागराज-मिर्झापूरकडे ठरला.

हा निर्णय बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल. मला खटकलं ते वेगळंच. अभयारण्य ठेवा म्हणणाऱ्यांकडे तीस वर्षांचा डेटा नव्हता आणि काढा म्हणणाऱ्यांकडेही नव्हता. एखादा प्रयोग फसला, तर निदान का फसला ते तरी कळायला हवं ना? वीस हजार जीव सोडून आपण तेवढंही शिकलो नाही.

सुंदरबन, २०२२

आता गंगा जिथे समुद्राला मिळते तिथे जाऊ. सुंदरबनात नदीच्या मुखाशी राहणारं एक कासव आहे, बटागुर बास्का. एके काळी याची अंडी आणि मांस कोलकात्याच्या बाजारात जायचं. पुढे ते इतकं कमी झालं, की निसर्गात दिसेनासं झालं. २००८ च्या सुमारास व्याघ्र प्रकल्पाच्या सजनेखाली केंद्रातल्या एका तळ्यात मोजकी मोठी कासवं आढळली. त्यांच्यापासून पैदास सुरू झाली, पिल्लं वाढवली.

जानेवारी २०२२ मध्ये त्यातली १० कासवं, ७ माद्या आणि ३ नर, खाडीत सोडली. पण या वेळी प्रत्येकाच्या पाठीवर जीपीएस ट्रान्समीटर होता. रेडिओ लहरी पाण्यात फार लांब जात नाहीत, खाऱ्या पाण्यात तर नाहीच. म्हणून कासव श्वास घ्यायला वर आलं, की तेवढ्यात यंत्र आपली जागा उपग्रहाला कळवतं. आपण बेसमेंटमधून बाहेर आल्यावर व्हॉट्सॲपचे मेसेज धडाधड पडतात ना, तसंच.

काय कळलं? काही कासवं सरळ बांगलादेशात गेली. व्हिसा-पासपोर्ट काही नाही. तिथल्या मच्छीमारांच्या हाती सापडली. प्रकल्प राबवणाऱ्यांसाठी ही आनंदाची बातमी नव्हती, पण माहिती मोलाची होती. हे कासव वाचवायचं तर एका देशाचं जंगल पुरणार नाही. पलीकडच्या मच्छीमारालाही माहीत हवं, की पाठीवर डबी असलेलं कासव सापडलं तर काय करायचं. हे कळायला फक्त १० कासवं लागली. वाराणसीच्या वीस हजारांनी जे सांगितलं नाही, ते १० जणांनी काही आठवड्यांत सांगितलं.

हैदरपूर, २०२५

शेवटचा टप्पा गंगेच्या वरच्या अंगाला. लाल मुकुटाचं कासव हे नाव ऐकलंय? बटागुर कचुगा. यातला ‘कचुगा’ म्हणजे आपला ‘कछुआ’च. विणीच्या हंगामात नराच्या डोक्या-मानेवर लालभडक पट्टे येतात, होळी खेळून आल्यासारखा दिसतो. मादी मात्र त्याच्या दुप्पट मोठी, तपकिरी, पंचवीस किलोपर्यंत भरणारी. गंगेतून ही जात जवळजवळ नाहीशी झाली. तिचा मोठा आधार उरला तो चंबळमध्ये. कारणं नेहमीचीच. अंडी घालायला नदीकाठची मोकळी वाळू लागते, आणि ती वाळू एक तर ट्रकमध्ये भरली जाते किंवा उन्हाळ्यात तिच्यावर कलिंगड-काकडीचे मळे लागतात. आपल्याकडे नदीपात्रात लागतात तसेच.

२६ एप्रिल २०२५ रोजी चंबळ अभयारण्यातल्या गढैता केंद्रातून २० कासवं आणून हैदरपूरच्या पाणथळ भागात गंगेत सोडली. हे ठिकाण बिजनौरजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालंय. प्रत्येक कासवाला ध्वनीचा टॅग लावला होता. हा टॅग पाण्याखाली ठरावीक वेळाने ‘टिक’ असा आवाज सोडतो. तो आपल्याला ऐकू येत नाही, पण पाण्यातल्या मायक्रोफोनला येतो. रेडिओ जिथे गप्प बसतो, तिथे आवाज पोचतो.

आता गंमत ऐका. सगळी कासवं एकाच जागी नाही सोडली. एक गट बंधाऱ्याच्या वरच्या संथ पाणथळीत, दुसरा गट थेट गंगेच्या मुख्य प्रवाहात. कोणती पद्धत जास्त चांगली, हे त्यातून बघायचं. अहो, हे तर आम्ही ॲपमध्ये करतो! अर्ध्या लोकांना निळं बटण, अर्ध्यांना हिरवं आणि मग कुठे जास्त क्लिक येतात ते बघायचं. फरक एवढाच, की आमचा निकाल दोन दिवसांत लागतो.

२० हा आकडा लहान आहे, हे खरं. दोन-चार कासवं इकडची तिकडे झाली तरी निकाल फिरेल. एवढ्यावरून कोणी छातीठोक दावा करू नये. पण यात प्रश्न आधी ठरवला आणि कासव नंतर सोडलं. १९८६ पासून इथपर्यंत यायला आपल्याला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

खरा निकाल कधी?

टॅगची बॅटरी कधीतरी संपेल. टॅग फार जड करता येत नाही, कासवाच्या वजनाच्या मानाने तो अगदी हलका ठेवावा लागतो. त्यामुळे बॅटरीही लहान. आणि कासव जिवंत आहे एवढ्यावर निकाल लागत नाही. सोडलेली मादी मोठी व्हायला हवी, तिने स्वतः वाळूत अंडी घालायला हवीत, त्यातली पिल्लं माणसाच्या मदतीशिवाय पाण्यात जायला हवीत. हे सगळं व्हायला दशकभर किंवा जास्त लागेल. तेव्हा मी चाळिशीत असेन. हा पॉडकास्ट असेल का, माहीत नाही. हैदरपूरच्या कासवांची वही तेव्हा कोणाच्या हातात असेल? तिला पैसे कोण देईल? उद्घाटनाला पाहुणे मिळतात, बाराव्या वर्षीच्या मोजणीला कोण येतं? आमच्या ऑफिसातही केक रिलीजच्या दिवशी कापतात. बाराव्या दिवशी लॉग वाचणाऱ्याला कोणी केक देत नाही.

या कामात आपल्यासारख्यांचाही वाटा आहे. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले मादीला नंबराचा टॅग लावला होता. ०३२३३. ही समुद्रातली कासवं, वेळासला आपण ज्यांची पिल्लं बघायला जातो तीच जात. जानेवारी २०२५ मध्ये ती गुहागरला अंडी घालायला आली. देशाच्या एका किनाऱ्यावरून थेट दुसऱ्या! हे कळलं, कारण वाळूवर उभ्या असलेल्या कोणीतरी तो नंबर वाचला आणि कळवला.

आपल्या गोदावरी-कृष्णेतही मऊ पाठीची कासवं आहेत. कुठे टॅग असलेलं कासव दिसलं, तर नंबराचा फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, वनविभागाला कळवा. घरी आणू नका. गुन्हा तर आहेच, शिवाय वहीतली एक ओळ कायमची कोरी राहते.

तो नावाडी पन्नाशीचा असेल. १९८९ मध्ये तो पोरगा असणार, बापासोबत त्याच पाण्यावर. कासवं सोडताना त्याने बघितली असतील, नंतर दिसेनाशी झाली तेही त्यानेच बघितलं. इतकी वर्षं रोज पहाटे तो नदीवर आहे. मी उतरताना त्याला विचारलं, तुम्हाला शेवटचं मोठं कासव कधी दिसलं होतं? तो थोडा थांबला आणि हसला. म्हणाला, हे मला याआधी कोणी विचारलंच नाही.

चला मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. आई-बाबांना ती जुनी बातमी आठवते का, ते विचारा आणि मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!